अंगणवाडीचं पाकीट म्हशीला, बाजरी व्यापाऱ्याला



आज फवारणीचं काही नाही आणि भावाचंही रडगाणं नाही. आज लिहायचंय ते अंगणवाडीतल्या पाकिटाबद्दल. शेतीच्या पानावर हे कशाला, असं ज्याला वाटेल त्यानं थोडं पुढं वाचावं. हा प्रश्न महिला-बालविकास खात्याचा जेवढा आहे तेवढाच पिकवणाऱ्याचा आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. आणि ते मी कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

आमचा भाग बाजरीचा. बीड-नगरच्या शिवेवरचा, हलक्या रानाचा. बाजरी, तूर, मटकी, पाणी असलं तर हरभरा, कांदा. आणि दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्याला. अशा गावात सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला सरकार घरी न्यायला आहार देतं. सरकारी भाषेत त्याला टीएचआर म्हणतात, आमच्याकडं नुसतं ‘पाकीट’. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना अंगणवाडीतच शिजवून गरम खाऊ, आणि गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या बाया यांनाही घरी पाकीट.

आता या पाकिटाचं होतं काय, ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पूर्वी शिरा, उपमा, सुकडी असं लिहिलेली यायची. आता वेगळ्या नावाचं तयार पीठ येतं. पाणी घालून शिजवायचं. आई पहिल्या दिवशी हौसेनं करते. लेकरू दोन घास खातं, तिसरा थुंकतं. चव एकच, गोड असलं तर गोडमिट्ट, नसलं तर कसलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी ते पीठ म्हशीच्या आंबोणात जातं. म्हैस मात्र तक्रार करत नाही. सरकीच्या पेंडीचे भाव बघता शेजारचा एक जण तर गमतीनं म्हणतो, ‘सरकारनं दुधाला अनुदान दिलंच आहे की, पाकिटातनं.’

यावर तालुक्याला बसलेल्या साहेबांचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘लोकांना फुकटाची किंमत नाही.’

हे मला मान्य नाही, आणि त्याला पुरावा आमच्याच गावात आहे. कोरोनाच्या काळात अंगणवाड्या बंद होत्या तेव्हा पाकीट बंद होऊन कोरडा शिधा आला. गहू, हरभरा, मसूर नाहीतर मूग डाळ, हळद, तिखट, मीठ, तेल. पुढं आमच्याकडं तेलाच्या जागी साखर आली तो भाग वेगळा. पण तो शिधा गावातल्या कुठल्याही म्हशीनं खाल्ला नाही. डाळ शिजली, हरभरा भिजला, गव्हाचं दळण झालं. घरं तीच, आया त्याच, लेकरंही तीच. मग फुकटाची किंमत एकदम कुठनं आली? किंमत लोकांना आहे. ज्या वस्तूला खाण्याची चव आणि ओळख नाही, तिला किंमत नाही. ही साधी गोष्ट आहे, आणि ती कळायला कुठल्या समितीचा अहवाल लागत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांवर सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं हा आहार लेकराचा हक्क केला. सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला ३०० दिवस. तीव्र कुपोषित असेल तर ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. कागद चांगला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण पन्नास वर्षांच्या योजनेचं फळ काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे घ्या. २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची वयाच्या मानानं खुजी राहिलेली लेकरं ३४.४ टक्के. २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२ टक्के. उंचीच्या मानानं रोड असलेली तेव्हा २५.६, नंतरही २५.६. वजन कमी असलेली ३६.० ची ३६.१ झाली. म्हणजे मधल्या वर्षांत एवढी पाकिटं वाटली आणि काटा जागचा हलला नाही. एखाद्या खतानं प्लॉटवर असा निकाल दिला असता तर आपण त्या खताचं पोतं परत दुकानात नेऊन टाकलं असतं.

आणि हे मेळघाटाचं किंवा नंदुरबारचंच आहे असं समजू नका. तिथलं दुखणं मोठं आहेच. पण तीनातलं एक लेकरू खुजं असेल तर ते तुमच्या-माझ्या गल्लीतही आहे. आपल्याला ते दिसत नाही, कारण त्याच्या शेजारी उभं असलेलं पोरही तेवढंच असतं.

पैशाचं बोलू. एका लेकरामागं रोजचे ८ रुपये. हा दर केंद्रानं २०१७ ला ठरवला. २०२४ सालीही तोच होता. त्याच सरकारनं २०१७-१८ ला बाजरीचा हमीभाव १,४२५ रुपये धरला होता, आणि २०२४-२५ ला २,६२५ धरला. म्हणजे बाजरी पिकवायला पावणेदोन पटीच्या वर खर्च-भाव लागतो हे सरकारला कळतं, पण तीच बाजरी लेकराच्या ताटात जाताना २०१७ च्याच भावानं जाईल, असं त्याच सरकारला वाटतं. हमीभाव बाजारात मिळतो का हा आपला जुना वाद, तो आज काढत नाही.

तरी मी या ८ रुपयांचा हिशेब मांडून बघितला. ७० ग्रॅम बाजरी, ३० ग्रॅम भाजका हरभरा, २० ग्रॅम शेंगदाणे, १५ ग्रॅम गूळ. यातून अंदाजे ५०० उष्मांक बसतात आणि प्रथिनं १५ ग्रॅमच्या वरच जातात. २०२४-२५ च्या हमीभावानं बाजरी १ रुपया ८४ पैशांची, हरभरा १ रुपया ७० पैशांचा. शेंगा फोडून दाणे धरले तर दोन रुपयांच्या आत-बाहेर, गूळ पाऊण रुपयाचा. बेरीज सव्वासहा रुपये. उरले पावणेदोन. त्यात भाजणं, दळणं, पिशवी, बायांची मजुरी. ओढाताण आहे, नाही असं नाही. दर १२-१३ रुपये केल्याशिवाय हे नीट चालणार नाही. पण निदान सहा रुपयांचा माल शेतकऱ्याच्या दारातून निघालेला असेल आणि लेकराच्या पोटात गेलेला असेल. आजच्या ८ रुपयांतले किती रुपये गाडीभाड्यात, छपाईच्या पाकिटात, गोदामात आणि मधल्या हातांत जातात, त्याचा हिशेब कोण देतो?

ठेकेदाराचा विषय निघालाच आहे तर कोर्टाचं सांगतो. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ७ ऑक्टोबर २००४ ला स्पष्ट आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत. गावातला समाज, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडून हे काम करून घ्या. वीस वर्षं होऊन गेली. आपल्या राज्यानं काय केलं? ठेकेदार काढले, महिला मंडळं आणली. पण कसली महिला मंडळं? २०१६ च्या टेंडरात अशा अटी घातल्या की गावातल्या चुलीवरच्या गटाला त्या कधीच पुऱ्या करता येऊ नयेत, आणि महिला संस्थेचं नाव लावलेल्या मोठ्या पुरवठादारांनाच त्या पुऱ्या करता याव्यात. शेवटी २६ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं ते जवळजवळ ६,३०० कोटींचं टेंडर रद्द केलं. हे मी कुणाच्या कानगोष्टीवरून सांगत नाही, निकाल छापील आहे. ज्याला वाचायचा त्यानं वाचावा.

म्हणजे कायदा आपल्या बाजूचा आहे आणि कोर्टही. तरी पाकीट येतंच.

का येतं? भ्रष्टाचार हे एक उत्तर झालं, ते सगळ्यांना येतं. पण त्याच्याखाली अजून एक कारण आहे, आणि ते आपल्यासारख्या धान्यातल्या माणसांनीच सांगायला पाहिजे. एका ठिकाणी कारखान्यात पीठ करून दहा जिल्ह्यांत पाठवायचं असेल तर ते पीठ चार-सहा महिने टिकलं पाहिजे. टिकवायचं तर माल तोच घ्यावा लागतो जो टिकतो. बाजरीचं पीठ टिकत नाही. हे आपल्या घरातल्या म्हातारीलाही माहीत आहे. आठ-दहा दिवसांत कडू होतं, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास, गव्हापेक्षा कितीतरी जास्त, आणि दाणा दळला की त्यातलाच घटक त्या तेलाला नासवायला लागतो. म्हणून आपल्या बायका बाजरी दळतात ती आठवड्यापुरती. जात्यावर तर रोजच्या रोज दळायच्या.

मग कारखानदारी पाकिटात बाजरी येणार कुठनं? आली तरी नावापुरती. भरडधान्य वर्षाच्या जाहिराती २०२३ ला आपण बघितल्या, प्रत्येक कार्यालयात नाचणीची बिस्किटं वाटली. अंगणवाडीच्या आहारात आठवड्यातून एकदा तरी भरडधान्य द्या, असं केंद्राच्या पोषण २.० च्या सूचनांतही आहे. पण पुरवठ्याची साखळी अशी लांब ठेवायची आणि तिच्यातनं बाजरी यावी असं म्हणायचं, म्हणजे टेम्पोत बर्फ भरून उन्हातनं बीडला पाठवण्यासारखं आहे. बाजरी द्यायची तर ती गावात, निदान तालुक्यात दळली पाहिजे आणि पंधरा दिवसांत खाल्ली गेली पाहिजे. तिला थोडं भाजलं, किंवा दाणा उकळत्या पाण्यातनं काढून वाळवून मग दळला, तर टिकण्याचे दिवस वाढतात. पण हे काम बायांचा गट करू शकतो. दोन-तीनशे किलोमीटरवरचं गोदाम ते कशासाठी करेल?

आता कृषी विद्यापीठातली जी मंडळी हे पान वाचतात त्यांना एक थेट प्रश्न. धनशक्ती बाजरी २०१२ ला आपल्याच राज्यात आली. आयसीटीपी ८२०३ मधून निवडलेली, किलोला सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असलेली. परभणीच्या विद्यापीठाचा एएचबी १२०० हा लोह जास्त असलेला संकरित वाण आला. ज्वारीत परभणी शक्ती २०१८ ला आली, लोह आणि जस्त दोन्ही वाढवलेली. एवढंच नाही, लोहवाल्या बाजरीची भाकरी खाऊ घालून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींवर चाचणी झाली, २०१५ ला तिचा निकाल छापून आला, आणि शरीरातला लोहाचा साठा वाढला असं दिसलं. हे वाण काढले कुणासाठी? आम्ही पेरतो, आडतीवर नेतो, तिथं धनशक्ती आणि साधी बाजरी एकाच ढिगात पडते. व्यापारी लोह मोजत नाही, रंग आणि ठोकळपणा बघतो. त्या लोहाचा ज्याला खरा उपयोग आहे ते दीड वर्षाचं लेकरू अंगणवाडीच्या पाकिटातलं पीठ थुंकत बसलेलं असतं. वाण काढण्यात इतकी वर्षं घातली, तो वाण आणि ते लेकरू यांच्यात पाच किलोमीटरचं अंतर आहे, आणि ते कुणी तोडत नाही. शिवारफेरीत, पीक प्रात्यक्षिकात, कुठल्या तरी एका बैठकीत बालविकास प्रकल्प अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी एका टेबलाला बसल्याचं मी तरी बघितलेलं नाही. दोघांची कार्यालयं एकाच आवारात असतात कधीकधी.

विरोधातलं बोलणंही ऐकून घेतो, कारण त्यात तथ्य आहे.

पहिलं म्हणजे स्वच्छता आणि विष. ओल्या शेंगांना बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन होतं, आणि लहान लेकराला ते घातक. पावसात सापडलेली काळी ज्वारी दळून घालणारेही गावात निघतील. खरं आहे. पण ओलावा मोजायचं यंत्र आज प्रत्येक आडत्याकडं आहे, आपला माल पाडायला ते रोज वापरतात. तेच यंत्र गटाकडं असायला काय हरकत आहे? शेंगदाणा भाजून, निवडून, काळा-सुरकुतलेला दाणा बाजूला काढूनच घ्यायचा. गटाच्या पिठाचा नमुना महिन्याला प्रयोगशाळेत जाऊ दे. आणि बिघडलाच तर पंचवीस घरांपुरता बिघडेल, आणि बिघडलेला कुणाच्या घरचा ते त्याच दिवशी कळेल. कारखान्यातली एक खेप बिघडली तर ती दहा तालुक्यांत पोचेपर्यंत कळत नाही. आमच्याकडं मागं एकदा गोळे झालेलं, वास येणारं पीठ आलं होतं. ताईंनी वर कळवलं. उत्तर यायच्या आत पुढच्या महिन्याची खेप आली होती.

दुसरं, बचत गटाला हे झेपत नाही. आज जे गट अंगणवाडीत गरम खाऊ शिजवतात त्यांना विचारा का झेपत नाही. बिलं महिनोन्‌महिने अडकतात. किराणावाला उधारी बंद करतो. मग खिचडीत डाळ पातळ होते, आणि लोक गटाच्या बायांना चोर म्हणतात. ठेकेदाराचं बिल असं अडकलं तर त्याच्याकडं मुंबईला जायला गाडी आहे. बाईकडं एसटीचं अर्धं तिकीट आहे. गटाला तीन महिन्यांची रक्कम आगाऊ द्या आणि मग बघा झेपतं का.

तिसरं आक्षेपाचं बोलणं जास्त खरं आहे, आणि ते गावातल्याच माणसानं बोललं पाहिजे. गट सरपंचाच्या भावजयीचा असतो, सोसायटीच्या चेअरमनच्या सुनेचा असतो. गावात काम आलं की गावातल्या मोठ्या घरात जातं. आणि अजून एक, शिजवणारी बाई कुठल्या वस्तीवरची आहे यावरून काही घरं डबा परत पाठवतात. हे आहे. झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण यावर उपाय ग्रामसभेत चारचौघांत भांडून निघतो. ठेकेदाराच्या गोदामाशी भांडायला तर जागाच नाही.

दुसऱ्या राज्यांत हे जमतंय, आकाशातलं काही मागत नाही मी. केरळात कुटुंबश्रीच्या बायांचे गट ‘अमृतम न्यूट्रिमिक्स’ नावाचं पीठ करतात. गहू, हरभरा, सोया, शेंगदाणा, साखर. २००६ पासून चाललंय. ओडिशात २०११ पासून गटांच्या बाया ‘छतुआ’ करून देतात, बरोबर अंडीही. तिथल्या केंदुझर आणि सुंदरगड जिल्ह्यांत अंगणवाडीत नाचणीचा लाडू सुरू झाला, आणि ती नाचणी त्या राज्याच्या भरडधान्य मोहिमेतनं. म्हणजे पिकवणारा, करणारी आणि खाणारं लेकरू एका ओळीत आले. तिथल्या बाया आपल्यापेक्षा जास्त शिकलेल्या नाहीत. ओडिशा आपल्यापेक्षा श्रीमंत तर नाहीच नाही.

अंड्याचं थोडक्यात. तमिळनाडूत पोषण आहारात अंडं कित्येक वर्षं आहे, आणि त्यानं नामक्कलच्या कुक्कुटपालनाला कायमचं गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडं आदिवासी भागात अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंडी-केळी देतात, आमच्यासारख्या दुष्काळी तालुक्यात ते नाही. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या शेवटी अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ ला त्याचा निधी काढून घेतला, द्यायचं तर लोकवर्गणीतनं द्या म्हणून सांगितलं. लोकवर्गणी! ज्या गावात मंदिराच्या कळसाला वर्गणी निघते तिथं अंड्याला कोण देणार, हे आदेश काढणाऱ्याला माहीत नसेल असं मी मानत नाही. ज्याला अंडं चालत नाही त्याला केळी द्या, शेंगदाण्याचा लाडू द्या. पण चार लोकांना चालत नाही म्हणून सगळ्यांचं बंद, हा न्याय कुठला?

आता ऊसतोडीचं. बागायतदार वाचकांनी हे जरा लक्ष देऊन वाचावं. आमच्या गावातलं लेकरू दिवाळीनंतर तुमच्या फडात असतं. उसाच्या पाचटाच्या कोपीत. आई पहाटे कोयत्यावर, लेकरू बांधावर, त्याला सांभाळायला सहा वर्षांची बहीण. नाव मात्र आमच्या गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात. आता तर पोषण ट्रॅकर आहे मोबाईलवर, आणि जुलै २०२५ पासून पाकीट देताना चेहरा ओळखायची सक्ती. चेहरा जुळला नाही तर पाकीट नाही. फडातल्या आईचा चेहरा आमच्या गावात कसा जुळणार? ताई बिचाऱ्या रेंज शोधत गच्चीवर उभ्या असतात. घेणारीचा चेहरा तपासायला यंत्र आहे. पाकिटातलं पीठ लेकरानं खाल्लं का, हे तपासायला कुणी नाही.

या घरांना पीठ देऊच नका, धान्य द्या. बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू होईल, पण बाजरीचा दाणा नीट वाळवलेला असेल तर पूर्ण पट्टा पडेपर्यंत टिकतो. मजूर तसाही निघताना बाजरीचं पोतं ट्रॅक्टरवर टाकतोच. त्याच्यातच अंगणवाडीच्या हिशेबानं सहा महिन्यांची बाजरी, हरभरा, शेंगदाणा, गूळ निघायच्या आदल्या दिवशी हातात द्या. कारखान्याच्या गावात गिरणी असतेच. आणि ज्यांच्या रानात ऊस तुटतो त्यांनी तिथल्या अंगणवाडीत ही लेकरं बसू दिली जातात का, एवढं जरी विचारलं तरी पुष्कळ.

शेवटचं आपल्या संघटनांबद्दल. कांद्यासाठी रास्ता रोको होतो, दुधासाठी टँकर ओतले जातात, सोयाबीनसाठी मोर्चे निघतात. व्हायलाच पाहिजेत. पण अंगणवाडीत काय शिजतं यावर एकाही मोर्चात एक मागणी ऐकलेली नाही. सेविका-मदतनीस डिसेंबर २०२३ मधी संपावर गेल्या, महिना-दीड महिना बसल्या, तेव्हा किती शेतकरी संघटना त्यांच्या मांडवात गेल्या? ‘बायांचा विषय’ म्हणून सोडून दिला. हिशेब करून बघा. एका अंगणवाडीत तीन वर्षांखालची २५ लेकरं धरा. ७० ग्रॅमनं ३०० दिवसांची बाजरी सव्वापाच क्विंटल. तालुक्यात २०० अंगणवाड्या धरल्या तर १,०५० क्विंटल बाजरी, ४५० क्विंटल हरभरा, ३०० क्विंटल शेंगदाणा. यानं बाजारभाव उसळेल असं मी म्हणत नाही, कुणी म्हणत असेल तर तो फसवतोय. पण दरवर्षीचं, ठरल्या भावाचं, काटा न मारणारं गिऱ्हाईक म्हणून एवढा माल तालुक्यातल्या शे-दोनशे कोरडवाहू घरांना पुरे आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी अनुदानावर घेतलेली धान्य साफ करायची यंत्रं धूळ खात पडलीत, ती तरी फिरतील.

आमच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा म्हणून अर्ज दिला आहे. ग्रामसेवकांनी पोच दिली आहे. अर्जात तीन गोष्टी मागितल्या आहेत. गेल्या वर्षभरात आलेल्या पाकिटांची खेपवार तारीख आणि तपासणीचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २८ प्रमाणं गावात या आहाराचं सामाजिक लेखापरीक्षण करा. आणि ज्या महिन्यात आहार आलाच नाही त्याचा कलम ८ प्रमाणं अन्नसुरक्षा भत्ता मागायचा ठराव घ्या. कुणाला अर्जाचा नमुना पाहिजे असेल तर सांगा, फोटो टाकतो.

आणि ज्यांच्या तालुक्यात बायांचा गट स्वतः पीठ करून देतो त्यांनी जरूर लिहावं. बाजरी भाजून दळता का उकळत्या पाण्यातनं काढून वाळवून, पीठ किती दिवस गोड राहतं, लेकरं खातात का. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ घातलं की घट्ट लापशी पातळ होते आणि लहान लेकराला गिळायला सोपी जाते, हे आमच्या घरी सूनबाईंनी करून बघितलं आहे, नातू वाटी चाटून पुसून खातो. बाजरीला मोड आणून तसं कुणी केलं असेल तर प्रमाण कळवा, पुढच्या आठवड्यात करून बघणार आहे.